मुका नकार

बेल्लमपल्लीहून रेल्वेनं उत्तरेला निघालं, की सिरपूर कागजनगर मागे टाकून गाडी महाराष्ट्रात शिरते. पुढे चंद्रपूर, गडचिरोली, भंडाऱ्याकडच्या गावांत पिकं घरात आली की शंकरपट भरतात. दिवसा बैलजोड्या पळतात, रात्री झाडीपट्टीचं नाटक रंगतं. आमच्या या कोळसा खाणींच्या गावात पटाच्या गोष्टी पाहुण्यांबरोबर येतात. आणि कुणाची जोडी जिंकली हे सांगून झालं, की आवाज खाली करून एक वाक्य येतं, "काहीतरी पाजलं असंल."

हे वाक्य फार सहज उच्चारलं जातं. संशय म्हणजे पुरावा नव्हे. ज्या शेतकऱ्यानं स्वतः कोरडं खाऊन बैलाला सरकी-ढेप घातली, त्याच्या वर्षभराच्या राबण्यावर हे वाक्य एका क्षणात पाणी फिरवतं. आणि ज्यानं खरंच सुई टोचली, त्याला त्यानं काहीच होत नाही. उलट, सगळेच तसे म्हटल्यावर त्याला लपायला गर्दी मिळते.

कायदा याबाबत गप्प नाही. सर्वोच्च न्यायालयानं 7 मे 2014 रोजी या शर्यती बंद केल्या, 16 डिसेंबर 2021 रोजी अटींवर परवानगी दिली आणि 18 मे 2023 रोजी घटनापीठानं महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. पशुवैद्यकाची तपासणी हवी, अंतर एक हजार मीटरच्या आत हवं, काठी-चाबूक नको, उत्तेजक द्रव्य नको, असे नियम आहेत. पण काठी चारचौघांत दिसते. सुई आदल्या रात्री गोठ्यात टोचलेली असते.

हा प्रश्न फक्त आपल्या बैलांचा नाही. अमेरिकेत घोड्याला दोनचाकी हलक्या गाडीला जुंपून दुडक्या चालीनं पळवतात. घोड्याच्या जागी बैल धरला तर आपला छकडाच! तिथे वर्षानुवर्षं अशीच कुजबुज होती. एक युक्ती तर स्वयंपाकघरातली. खाण्याचा सोडा, साखर आणि पाणी नाकातून नळीनं थेट पोटात. पळताना स्नायूंत साठणाऱ्या आम्लाला सोडा मारतो, म्हणून थकवा उशिरा येतो, असा हिशेब. मार्च 2020 मध्ये न्यूयॉर्कच्या सरकारी वकिलांनी दोन डझनांहून जास्त प्रशिक्षक, पशुवैद्य आणि औषध पुरवणाऱ्यांवर आरोप ठेवले. गाडीच्या शर्यतीतले होते, स्वाराच्या शर्यतीतलेही होते. त्यांतल्या जॉर्ज नवारो या प्रशिक्षकाला पुढे पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याचा एक्स वाय जेट हा नामांकित घोडा त्याच वर्षी जानेवारीत मरण पावला होता.

आता मला एक विचारायचं आहे. यात अन्याय नेमका कुणावर झाला? लोक म्हणतात, हरलेल्यावर. किंवा ज्यानं पैसे लावले त्याच्यावर. बरं, मग असं समजा की सगळ्यांनीच आपापल्या जोडीला सारखंच औषध दिलं. स्पर्धा बरोबरीची झाली, कुणी कुणाला फसवलं नाही. मग चालेल का? मन लगेच 'नाही' म्हणतं. म्हणजे अन्याय हरणाऱ्याच्या पलीकडे कुठेतरी आहे.

माणूस खेळाडू औषध घेतो तेव्हा निदान त्याच्या तोंडात जीभ असते. 'नको' म्हणण्याची सोय त्याला असते. बैलाला शब्द नाही. दमणं, लंगडणं, फेस येणं, बसकण मारणं, हीच त्याची भाषा. थकवा हा मुक्या जिवाचा नकार आहे. औषध नेमका तो नकार पुसून टाकतं. काठी मारणारा निदान तो नकार ऐकून मारतो. सुईवाला तो उमटूच देत नाही.

कुणी म्हणेल, आजारी जनावराला दुखणं कमी करायचं इंजेक्शन देतोच की आपण. तेही नकार दाबणंच नाही का? फरक बाटलीत नाही, त्यानंतर काय होतं त्यात आहे. औषधानंतर जनावराला सावली मिळाली, की छकडा? एवढं पाहिलं तरी पुरे.

आमच्याकडे अहिंसाव्रताच्या अतिचारांत 'अतिभारारोपण' मोजतात, म्हणजे जनावरावर त्याच्या शक्तीबाहेर भार घालणं. आणि कर्म तीन वाटांनी लागतं असं मानतात: कृत, कारित, अनुमोदना. स्वतः करणं, दुसऱ्याकडून करवणं आणि होताना पाहून मान डोलावणं. टोचणारा पहिल्या वाटेवर, पैसे देणारा मालक दुसऱ्या. तिसरी वाट फार रुंद आहे. तिच्यावर अख्खी गर्दी मावते. "पाजलं असंल" म्हणणारा पुढच्या वर्षी त्याच जोडीसाठी शिट्टी मारतो, तेव्हा तो कुठे उभा असतो?

म्हणून संशय आला तर तो कुजबुजू नये, तपासायला लावावा. जिंकलेल्या जोडीचं रक्त-लघवी तिथेच घ्यावी आणि अहवाल येईपर्यंत बक्षीस मंडळाकडे ठेवावं. प्रामाणिक शेतकऱ्याची अब्रू त्यातच वाचेल. आणि एवढी सोय गावाला जमत नसेल, तर त्या वर्षी रात्रीचं नाटक तेवढं होऊ द्यावं. त्यातली माणसं स्वतःच्या मर्जीनं रंगमंचावर येतात.