अर्धं दुखणं गेलं तरी

महापे

चि. भाच्यास,

तुझ्या पाठीत तात्पुरत्या तारा घालून पाहायचं चाललंय, असं तुझ्या आईने सांगितलं. मज्जारज्जूला वीज देऊन दुखणं दाबणारं तेच यंत्र माझ्या कंबरेत आहे म्हणून लिहितोय. एरवी तुम्हा आयटीवाल्यांना पत्र पाठवायचं धाडस मी करत नाही.

नवीन एमआरआयमध्ये विशेष काही दिसलं नाही म्हणून ऑफिसात कुणी भुवया उंचावत असेल, तर मनाला लावून घेऊ नकोस. वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा दुखणाऱ्याच्या सांगण्याचा मान राखावा, असं सोबत लिहूनच ठेवलं.

टीटीसी पट्ट्यात मी आयुष्यभर कारखान्यातली वीज सांभाळली, त्यामुळे मला यंत्रापेक्षा त्यामागची युक्ती आवडली. कोपर आपटलं की आपण ते चोळतो ना? त्या स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवतात, असं मेल्झॅक आणि वॉल यांनी १९६५ साली मांडलं. दोनच वर्षांनी अमेरिकेत नॉर्मन शीली यांनी कर्करोगाच्या एका रुग्णाच्या मज्जारज्जूवर इलेक्ट्रोड बसवून हेच विजेने करून पाहिलं. आता तारा सुईवाटे, एक्स-रेवर बघत, मज्जारज्जूच्या आवरणाबाहेर सरकवतात. चाचणीत वीज पुरवणारी डबी कमरेला बाहेरच असते. साधारण आठवडाभर बघायचं. दुखणं निम्म्याने तरी उतरलं, तरच बॅटरी कातडीखाली बसवायचा विचार.

निम्मं म्हणजे निम्मंच. माझ्या पायातली सणक गेलेली नाही. ती शेजारच्या खोलीतल्या रेडिओसारखी चालू असते. पण मी रात्री झोपतो आणि भाजी आणायला स्वतः जातो. मला एवढं पुरतं. तुला पुरेल का, हे तुझं तूच ठरव.

म्हणून चाचणीच्या आठवड्यात दहापैकी किती दुखतंय, एवढंच लिहीत बसू नकोस. एका मीटिंगभर खुर्चीत बसवलं का, रात्री कितीदा जाग आली, गोळी किती वाजता लागली, ते लिही. मात्र वाकणं, कंबरेतून वळणं, जड उचलणं बंद, तार सरकते. जखम भिजवायची नाही. आणि शीळफाट्याच्या रस्त्यावर रिक्षाने जाऊन यंत्राची परीक्षा घ्यायची नाही, हे मी तुला ओळखतो म्हणून लिहितोय.

दुसरी बाजूही ऐक. नॉर्वेत मणक्याच्या शस्त्रक्रियेनंतर पाय दुखत राहिलेल्या ५० जणांवर एक प्रयोग झाला. यंत्र कधी चालू, कधी बंद. रुग्णाला पत्ता नाही. २०२२ साली निकाल छापला: रोजच्या हालचालींतल्या अडचणी दोन्ही वेळा जवळपास सारख्याच कमी झालेल्या. त्यात एकाच पद्धतीचा विद्युतप्रवाह वापरला होता, असा आक्षेप घेतला गेला, आणि तो मला रास्त वाटतो. तरीही नवीन वस्तू अंगात आली की काही दिवस आशेनेच बरं वाटतं, हे धरून चाल. चाचणीनंतर ‘नको’ म्हणालास तर तारा ओढून काढतात, फारसं काही बिघडत नाही. ‘हो’ म्हणण्याआधी घरात कुणालाही घाई करू देऊ नकोस. खर्च लाखांत आहे, आणि विमा कंपनीकडून लेखी मंजुरी हातात आल्याशिवाय तारीख घेऊ नकोस.

डॉक्टरांना विचार: पुढे एमआरआय करता येईल का? बॅटरी चार्ज करायची की संपली की बदलायची? प्रोग्रॅम कोण जुळवून देणार, आणि तो माणूस नोकरी सोडून गेला तर कोण? जंतुसंसर्ग झाला तर काय काढावं लागेल? उत्तरं कंपनीच्या प्रतिनिधीकडून नव्हे, डॉक्टरांकडूनच घे. आणि व्यायाम शिकवणाऱ्या बाईंकडे जाणं सोडू नकोस, यंत्र बसलं तरी.

रविवारी दुपारी फाइल घेऊन ये. सीडी आणू नकोस, ती चालवायला माझ्याकडे काही नाही, कागद आण. जिना चढवत नसेल तर खालून फोन कर, मी उतरतो.

तुझा,
मामा