एप्रिलमधली परीक्षा

दिवाळी उलटली की भिवंडी तालुक्यातल्या वीटभट्ट्यांवर भोंगे उभे राहू लागतात. जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची कातकरी कुटुंबं या झोपड्यांत पावसाळ्याच्या तोंडापर्यंत मुक्काम करतात. अडीनडीला घेतलेली उचल फेडायची असते आणि मजुरी मिळते ती हजार विटांमागे. म्हणून अंधार असतानाच कामाला सुरुवात होते. बाप गारा कालवतो, आई साच्यातून विटा पाडते आणि नऊ-दहा वर्षांचं पोर रांगांमधून फिरत अर्धवट सुकलेली एकेक वीट उन्हाकडे वळवून ठेवतं. त्याचे हात हलके असतात, म्हणून हे काम त्याच्या वाट्याला येतं. जून ते दिवाळी तो विद्यार्थी असतो, पुढे मजूर. आणि वार्षिक परीक्षा एप्रिलमध्ये, भट्टीचा हंगाम ऐन भरात असताना.

शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० रोजी लागू झाला, तेव्हा त्याने या पोराचा विचार केला होता. गाव सुटलं तरी नव्या ठिकाणी शाळा मिळण्याचा हक्क त्यात आहे. दाखला यायला उशीर झाला म्हणून कुणाचा प्रवेश अडवता येत नाही. आठवीपर्यंत नापास न करण्याची तरतूदही होती. २०१९ मध्ये केंद्राने ती सैल केली आणि महाराष्ट्राने २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालं तर पुनर्परीक्षा, तिथेही नापास झालं तर तोच वर्ग पुन्हा.

यामागची तळमळ मला समजते. धड वाचताही न येणारी मुलं वरच्या वर्गात ढकलली जातात, हे खरंच आहे. पण हा एकच नियम दोन घरांत दोन तऱ्हांनी पोचतो. ज्या घरात शिकवणी लावण्याची ऐपत आहे, तिथे तो अभ्यासाचा धाक होतो. भोंग्यात राहणाऱ्या पोराला मात्र तो न शिकवलेल्या महिन्यांची शिक्षा देतो. पाचवीत दुसऱ्यांदा बसायची पाळी आली की आईबापांना वाटतं, यापेक्षा भट्टीवर कायमचा आला तर चार विटा जास्त पडतील. शाळा सुटते ती अशी.

याच पट्ट्यात विधायक संसद या संस्थेने नव्वदच्या दशकात भोंगा शाळा चालवल्या. भट्टीजवळच झोपडी उभारायची आणि शिक्षकाने तिथे जायचं, इतकी ती साधी रीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही स्थलांतरित मजुरांच्या मुलांसाठी स्वयंसेवी संस्थांच्या मदतीने पर्यायी केंद्रं उभारण्याची गोष्ट आहे. मग पुढचा प्रश्न फक्त माणसं आणि पैसा लावण्याचा उरतो.

माझं मागणं अगदी लहान आहे. नोव्हेंबरमध्ये प्रत्येक भट्टीवर मुलांची मोजणी व्हावी. तिथून मेपर्यंत त्यांच्यासाठी शिक्षक नेमावा, शाळेतला दुपारचा गरम भात भट्टीवर पोचावा. आणि पाचवीची प्रश्नपत्रिका एप्रिलमध्ये ते पोर जिथे असेल तिथे न्यावी. मतदान यंत्रं घेऊन आपले कर्मचारी दर निवडणुकीला डोंगरातल्या पाड्यांवर जातात. भिवंडीच्या भट्ट्या तर हमरस्त्यावरून दिसतात.