टोमॅटो उतरेल, थाळी उतरेल का?

ऑगस्ट 2023. जुलैची किरकोळ महागाई 7.44 टक्के निघाली होती, टोमॅटोने शंभरी कधीच ओलांडली होती आणि रिझर्व्ह बँकेने रेपो व्याजदर 6.50 टक्क्यांवरच ठेवला होता. आमच्या खाणावळीतल्या मावशींनी कोशिंबिरीतून टोमॅटो काढून टाकला होता. त्यांना पतधोरण समजावण्याची हौस मला होतीच.

मी : व्याजदर वाढवून टोमॅटो पिकत नाही, मावशी. नारायणगावचा नवा माल आला की भाव आपोआप उतरेल. तोवर बँकेने गप्प बसावं.

मावशी : उतरेल ना. पण मी थाळी 80ची 90 केलीय, ती उतरेल?

मी : का नाही?

मावशी : पोळ्या लाटणाऱ्या बायकांचा पगार वाढवला, तो आता कमी करू? गिऱ्हाइकाने एकदा 90 मोजले की संपलं. टोमॅटो पाहुणा हो सर, थाळीचा भाव घरचाच होऊन बसतो.

मी : बँकेला धास्ती असते ती याचीच. पण भाव मुरला, हे ओळखायचं कधी? आकडे मागच्या महिन्याचे हातात येतात, आणि दरवाढीचा परिणाम दिसायला कित्येक महिने जातात. उपायाचा जोर नक्की ठाऊक नसेल तर हात हलका ठेवावा, असं ब्रेनर्ड नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने 1967 मध्येच मांडलंय.

मावशी : मग 2022 मध्ये काय झालं? तेव्हा हात हलकाच होता ना?

मी : एप्रिलपर्यंत रेपो 4 टक्के होता. मे महिन्यात अचानक बैठक घेऊन 4.40 केला, फेब्रुवारी 2023 पर्यंत 6.50.

मावशी : थांबले म्हणून धावावं लागलं. आणि ते धावले तेव्हा हप्ता माझा वाढला.

मी : युद्ध पेटेल, तेल भडकेल, हे कुणाला ठाऊक होतं?

मावशी : आणि आता कुणाला ठाऊक आहे?

यावर मी ताक मागितलं.

मावशी : हा व्याजदर ठरवते त्या समितीत माणसं किती?

मी : सहा. शिवाय पुढे महागाई किती वाटते, हे बँक घरोघरी विचारून घेते.

मावशी : लोक जास्तच सांगत असतील.

मी : सांगतात खरं.

मावशी : मग ती चूक म्हणायची की बातमी?

सप्टेंबरची महागाई 5.02 टक्क्यांवर आली. बँक थांबली ते योग्यच झालं, असं माझं मत आजही आहे. थाळी मात्र 90च्या खाली आली नाही.