संशय आणि न्याय

अमेरिकेतील आयोवा राज्यात व्हिलिस्का नावाचे एक लहानसे गाव आहे. ९ जून १९१२ च्या रात्री, प्रार्थनामंदिरातील बालोत्सव आटोपून घरी परतलेल्या एका कुटुंबातील सहा जणांची व त्यांच्याकडे मुक्कामास राहिलेल्या दोन मुलींची कुऱ्हाडीने हत्या झाली. मारेकरी कोण, हे आजतागायत सिद्ध झालेले नाही. १९१७ साली एका धर्मोपदेशकावर दोनदा खटला चालला. प्रथम ज्यूरीचे एकमत झाले नाही, नंतर तो निर्दोष सुटला. गावच्या एका प्रतिष्ठित गृहस्थावरही आळ आला, आणि त्यावरून गाव दुभंगले.

न्यायाची तळमळ सात्त्विकच. परंतु पुराव्यावाचून शेजाऱ्यास मनोमन दोषी ठरविणे हा न्याय नव्हे. अणीमांडव्य ऋषींच्या आश्रमात चोरीचा ऐवज सापडला, एवढ्यावरून राजाने त्यांस सुळावर चढविले. राजाजवळ निदान ऐवज तरी होता. आपणांजवळ पुष्कळदा केवळ कुजबूज असते! देवळाच्या सभामंडपात शेजारी बसणाऱ्याविषयी आपणही असेच निवाडे करीत नाही काय?

मृतांचे ऋण संशयाने फिटत नाही. ठाऊक असेल ते निर्भयपणे सांगावे. नसेल तेथे ‘आम्हांस ठाऊक नाही’ असे म्हणावे. आमच्या मते हाही धर्मच होय.