टोळीतील बळकट आणि अशक्त

मातीच्या कामावर दहाबारा जणांची टोळी लागली म्हणजे एक प्रश्न हटकून उद्भवतो. ज्याने अधिक खणले त्यास अधिक मिळावे, की सर्वांस सारखे? हा प्रश्न केवळ पैशांचा आहे असे कित्येकांस वाटते. आमच्या मते तो मनुष्याच्या शीलाचा आहे.

महाराष्ट्रात 1972 साली भयंकर दुष्काळ पडला, तेव्हा खडी फोडणे, रस्ते बांधणे, पाझर तलाव खणणे अशा कामांवर गावेच्या गावे लोटली. 1973 च्या मे महिन्यात त्या कामांवर सुमारे 50 लाख माणसे होती. पुढे रोजगार हमीचा कायदा 1977 साली मंजूर होऊन 26 जानेवारी 1979 पासून अमलात आला. त्या योजनेत मजुरी कामाच्या मापावर ठरे. टोळीने खणलेल्या जागेची लांबी, रुंदी व खोली मोजावी, आणि होईल ती रक्कम हजेरीप्रमाणे वाटून द्यावी. अशा वाटणीत बळकट तरुणाच्या मनात येणारच की, "ह्या म्हातारीचा भार मी का वाहावा?"

ही कुरकुर अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणत नाही. त्याचा घाम अधिक गळतो, आणि त्याच्याही घरी खाणारी तोंडे असतात. परंतु त्याने पाट्या वाहणाऱ्यांची रांग एकवार नीट पाहावी. त्याने टिकाव कितीही झपाट्याने मारला, तरी भरलेली पाटी हातोहात बांधावर न पोहोचली तर माती त्याच्याच पायांशी साचते, व त्यास हात थांबवून उभे राहावे लागते. म्हणजे त्याचे बळ फळास येते ते त्या मंद हातांच्याच द्वारे.

तथापि अशक्त निराळा आणि आळशी निराळा. आळशास बाजूस नेऊन स्पष्ट बजावावे; त्याची गय करणे हा इतरांवर अन्याय होय. अशक्तास मात्र झेपेल ते काम नेमून द्यावे, जसे पाणी पाजणे किंवा लेकरे सांभाळणे. आणि त्यानेही दुबळेपणाच्या आड न दडता आपला वाटा पुरता उचलावा.

कोणी म्हणेल, मजुरी नसती तर तंटाच नसता. तसे नाही. 2016 साली पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत 3 तालुक्यांतील 116 गावे उतरली. उन्हाळ्याच्या 45 दिवसांत श्रमदानाने चर खणावयाचे व बांध घालावयाचे होते. कोरेगाव तालुक्यातील वेळू हे गाव पहिले आले. श्रमदानात पैसा नसतो, पण "मी आलो, तो का आला नाही?" हा हिशेब मनुष्य मनात मांडतोच. तेथे त्याने डोंगराकडे पाहावे. वर अडविलेले पाणी जमिनीत मुरून खालच्या विहिरीस लागते. कोणाच्या कुदळीने किती अडले, हे विहीर विचारीत नाही.

वाचकहो, उन्हात एकट्याने खणल्यास दंड भरतात. पण आपले बळ इतरांच्या पावलाशी जुळवून घेण्यास मनुष्य टोळीतच शिकतो. आज टिकाव मारणाऱ्यास उद्या पाटीही जड होईल, हे त्याने विसरू नये. एवढ्यासाठी आमची विनंती आहे की, टोळीने कामास हात लावण्यापूर्वीच एकत्र बसून कोणास काय झेपते व वाटणी कशी व्हावी हे उघडपणे ठरवावे. नंतरचे तंटे बहुधा आधी न बोलल्यानेच होतात.