रायवळाची सावली

शिमगा आटोपला आणि शेजारच्या दादांकडे सोलरवाला मुलगा आला. मागच्या स्लॅबवर चढला. टेप धरला. मोबाइल आभाळाकडे करून सूर्य वर्षभर कुठून कसा जातो ते बघितलं. खाली उतरला आणि म्हणाला, "जागा छान आहे काका. तीन किलोवॅट आरामात बसेल. फक्त तो आंबा आडवा येतोय."

तो आंबा म्हणजे रायवळ. हापूसची कलमं वरच्या बागेत आहेत. त्यांची मोजदाद होते, फवारणी होते, त्यांचा विमा उतरवला जातो. रायवळाला कुणी मोजत नाही. घराच्या दक्षिणेला तो आपला उभा आहे, उंच आणि अस्ताव्यस्त. चैत्रात पन्ह्याला कैऱ्या देतो, वैशाखात साठांना रस देतो. बाकीचं वर्ष नुसती सावली. त्या सावलीत वहिनींचं स्वयंपाकघर येतं.

आपल्याकडे सूर्य बहुतेक वर्ष दक्षिणेकडून कलता असतो, म्हणून पॅनेलांची तोंडंही दक्षिणेला. ती एका साखळीत जोडलेली असतात. एकावर सावली आली की बाकीच्यांची वीजही घटते. मुलाने हे सगळं नीट समजावून सांगितलं. दादा ऐकत होते, पण बघत होते झाडाकडे.

कोकणातलं घर मुळात सावली बघूनच बांधलेलं. माड, पोफळी, फणस यांच्या आत शिरून बसलेलं. उन्हाला बोलावणं फक्त अंगणात, तेही कामापुरतं. आमसुलं, सांडगे, आंबापोळी वाळली की त्याचं काम संपलं. आता तेच ऊन छपरावर हवंय, आणि दिवसभर हवंय. घराचं आणि उन्हाचं नातं बदलायचं तर मधे कोण उभं आहे ते आधी दिसतं.

सरकारने आपल्या परीने सोपं करून ठेवलंय. फेब्रुवारी 2024मध्ये सूर्यघर योजना आली. देशातल्या एक कोटी घरांवर पॅनेलं बसवायची. दोन किलोवॅटपर्यंत किलोवॅटला 30,000 रुपये अनुदान, तीन किलोवॅटला 78,000. अर्जात ग्राहक क्रमांक विचारतात, बँकेचा खातेक्रमांक विचारतात. झाडाचा रकाना नाही. तो असावा असं माझं म्हणणं नाही. दिल्लीहून झाड दिसत नाही, आणि दिसू लागलं तर कदाचित आणखी एक दाखला आणावा लागेल.

वरून जे दिसतं ते आकड्यांत दिसतं. ग्लासगोच्या परिषदेत 2021 साली आपण सांगितलं की 2070पर्यंत देशाचं निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणू. 2025मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतला निम्मा वाटा कोळसा, वायू, तेल सोडून इतर स्रोतांचा झाला, ठरवल्यापेक्षा पाच वर्षं आधी. आनंदाचीच गोष्ट. पण क्षमता वेगळी आणि प्रत्यक्ष तारेतून येणारी वीज वेगळी. ती अजून बरीचशी कोळशाचीच आहे. जयगडला बोटीतून कोळसा उतरतो आणि 1200 मेगावॅटचा प्रकल्प रात्रंदिवस चालतो. रात्री माझा पंखा कशावर फिरतो, हे मला विचारू नये.

या जिल्ह्याने विजेची सगळी रूपं पाहिली आहेत. वाशिष्ठीच्या काठाने गेलं तरी पुरे. वर पोफळीला कोयनेचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून खाली येतं, जनित्रं फिरवतं आणि पुढे वाशिष्ठीला मिळतं. खाली हीच नदी दाभोळच्या खाडीतून समुद्राला भेटते, आणि तिच्या मुखाशी अंजनवेलचा वायूवरचा प्रकल्प आहे. लोक अजून त्याला एन्रॉनच म्हणतात. एन्रॉन कंपनीबरोबरचा करार 1995मध्ये रद्द झाला, मग पुन्हा झाला, 1999मध्ये वीज सुरू झाली, 2001मध्ये थांबली. पुढे सरकारी कंपन्यांनी प्रकल्प हातात घेतला. अणुऊर्जेचा जैतापूर प्रकल्प म्हणजे 9900 मेगावॅट. तो इतकी वर्षं कागदावरच आहे. कागदावर असूनही त्याने माडबनपासून साखरी नाट्यापर्यंत माणसांची झोप घेतली.

आणि नदीच्या मुखाच्या नि पोफळीच्या मधे चिपळूण. 22 जुलै 2021. बाजारपेठेत पहिल्या मजल्यापर्यंत पाणी. पाऊस किती, भरती किती, धरणाचं पाणी किती, नदीतला गाळ किती, यावर पुष्कळ बोलून झालंय. गाळ उपसणं हे सरकारचं काम आणि त्याचा पाठपुरावा करणं चिपळूणकरांचं. दोन्ही चालू असतं. दुकानदार मात्र जुलै लागला की माल वरच्या फळीवर चढवतात. हवामानबदलाची सगळ्यात खरी नोंद मला त्या फळीवर दिसते.

दादांची नोंद वेगळी. ते म्हणतात, "पूर्वी थंडी पडली की मोहोर यायचा. आता मोहोर येतो, आणि थंडी पडते का ते बघत बसायचं." डिसेंबरात अवकाळी पाऊस झाला की भुरी येते, तुडतुडे येतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये पारा एकदम चढला की कैरी गळते, असलेला आंबा भाजतो. हवामानावर आधारित फळपीक विमा आहे, पण तो झाडाकडे बघून मिळत नाही. महसूल मंडळातल्या हवामान केंद्रावर पाऊस किती पडला, तापमान किती चढलं, त्यावर मिळतो. बाग उतारावर आणि केंद्र भलतीकडे. यंत्राला ऊन लागलं तर भरपाई. आंब्याला लागलं तर नुसतं नुकसान. दादा हे हसत सांगतात. बागायतदाराला हसल्याशिवाय पुढचा हंगाम धरता येत नाही.

तर असा माणूस छपरावर पॅनेल लावायला निघाला होता. वातावरण सुधारावं म्हणून नव्हे, बिल कमी यावं म्हणून. त्यात कमीपणा काय? चांगली कामं बहुधा साध्या कारणाने सुरू होतात. पण रायवळ तोडायची वेळ आली तेव्हा ते दोन दिवस गप्प होते. तिसऱ्या दिवशी मुलाला फोन करून म्हणाले, स्लॅबच्या पूर्वेकडच्या निम्म्या भागात सावली नसते, तिथे बसेल तेवढंच बसव. दोन किलोवॅट बसलं. अनुदान 18,000 रुपयांनी कमी मिळालं. एक फांदी उतरवावी लागली, तिचं सरपण झालं. बिल शून्य होत नाही, थोडं येतं. झाडाचं भाडं समजायचं, असं वहिनी म्हणाल्या.

मला यात तडजोड दिसत नाही. सगळं ऊन आपल्याच वाट्याला यावं असा हट्ट त्यांनी धरला नाही, एवढंच.

पॅनेल बसल्यावर दादांना एक गोष्ट नव्याने कळली. लाइन गेली की पॅनेलही बंद पडतं. वर रणरणतं ऊन आणि खाली पंखा बंद. ते चिडले. मुलाने कारण सांगितलं. खांबावर वायरमन चढलेला असतो. आपल्या छपरावरची वीज उलटी तारेत गेली तर त्याला झटका बसेल. म्हणून यंत्र स्वतःहून थांबतं. दादांना निसर्ग वादळ आठवलं, 3 जून 2020. दापोली-मंडणगडात खांब आडवे झाले होते, कित्येक गावं आठवडेच्या आठवडे अंधारात होती, आणि बाहेरच्या जिल्ह्यांतून आलेले वायरमन पावसात खांब उभे करत होते. दादा म्हणाले, "मग बंद पडतंय ते बरोबरच आहे."

अशा वेळीही घरात दिवा हवा असेल तर बॅटरी लावता येते. बॅटरीला वेगळं अनुदान नाही. दादांनी ती घेतली नाही. गावाबरोबर अंधारात बसू म्हणाले. वहिनींना हे फारसं पटलेलं नाही. त्यांनी माळ्यावरचा कंदील काढून, काच पुसून ठेवलीय. रेशनवरचं रॉकेल तर कधीच बंद झालं. ते आता कुठे मिळतं, याची त्या वाडीभर चौकशी करतायत.