अडकलेला बोल्ट, फिरणारा बोल्ट
आजचं चिंतन : गीता, अध्याय ६, श्लोक ३५

अहमदपूरच्या गॅरेजात मी बाईकचे दोन हट्टी बोल्ट बघतो. गंजून जाम झालेल्यावर नुसता जोर लावला तर डोकंच तुटतं. मिस्त्री तेल सोडतो, हलके ठोके देतो, थांबतो. दुसरा नुसताच फिरतो, कारण मागचा नटही सोबत फिरतो. तिथे मागून दुसरा पाना धरावा लागतो.

आसक्तीत जाम झालेलं मन वैराग्याने सैल होतं. भिरभिरणारं अभ्यासाने धरावं लागतं. भगवंत अर्जुनाला दोन्ही सांगतात. २५व्या श्लोकात तर हळूहळू असंच म्हणतात. मग जपात मन लागत नाही म्हणून स्वतःवर चिडणं, ही साधना कशी? आज बसण्याआधी एवढंच बघा : मन अडकलंय की फिरतंय?